जाड बुडाचं भांडं

नाशिकहून दिंडोरीमार्गे सप्तशृंग गडाकडे जाणारी वाट वणीवरून जाते. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चालणारा चैत्रोत्सव, आश्विनातलं नवरात्र आणि त्यापाठोपाठ कोजागरीला खांद्यावर कावड घेऊन येणारे भाविक, असा वर्षातून दोनदा या रस्त्याला पूर येतो. पायी निघालेल्या मंडळांच्या मागे टेम्पो असतो. त्यात शेगड्या, धान्याची पोती, पराती आणि एकात एक बसवलेली मोठाली पातेली. दोन पिढ्यांपूर्वी अशा सामानात कल्हई केलेली पितळी सतेली दिसायची, आज स्टील नाहीतर ॲल्युमिनिअम दिसतं. कावडीतला कलश तेवढा अजून बहुधा तांब्याचा असतो.

घरातल्या ओट्यावरही बदल झाला आहे. उंच, सरळ भिंतींचं, आत जाळीचं दुसरं भांडं बसणारं आठ-दहा लिटरचं स्टीलचं पातेलं आता नाशिकच्या दुकानांत मांडलेलं असतं. पास्ता उकडायला आणि वाफवायला, असं विक्रेता सांगतो. नाव परकं असलं तरी त्याच्याकडून जी दोन कामं करून घ्यायची, ती या जिल्ह्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहेत: गव्हाचा पदार्थ भरपूर पाण्यात उकळून निथळणं आणि डाळी-पिठाचा पदार्थ वाफेवर शिजवणं.

उन्हाळा लागला की नाशिक आणि खानदेशात शेवया, कुरडया, गव्हले, नखुल्या, मालत्या यांची कामं सुरू होतात. शेवया उकळत्या पाण्यात सोडायच्या, चाळणीवर उपसायच्या आणि दूध-साखर किंवा गूळ घालून वाढायच्या. पाणी कमी पडलं की पिठूळ होऊन गोळा होतो. इटलीतली गृहिणी शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी घेते, तेही याच कारणासाठी. दहा माणसांचा घास शिजवायचा तर भांडं मोठंच लागतं, मग ते जेनोवात असो की वणीत.

आणि गहूही एकाच जातीचा. पास्ता ज्या ड्युरम गव्हाच्या रव्याचा करतात, तोच आपला बक्षी किंवा बन्सी गहू. शेवयांना तार आणि पिवळसर झाक देणारा. वणीपासून फार लांब नसलेल्या निफाडजवळच्या कुंदेवाडी इथे गहू संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या ड्युरम वाणांची नावं ‘पंचवटी’ आणि ‘गोदावरी’ आहेत. हा रवा शेवयांना, कुरडयांना आणि पास्त्याला सारखाच चालतो.

वाफेचं म्हणाल तर फुणके आहेत. भिजवलेली तुरीची डाळ जाडसर वाटायची, कांदा, कोथिंबीर, मिरची घालून मुठीने लांबट वळायची आणि पातेल्यात पाणी ठेवून वर चाळणीत वाफवायची. सोबत कढी. कोकणात उकडीच्या मोदकांसाठी मोदकपात्र घडवलं गेलं. देशावर पातेलं, चाळणी आणि वर घट्ट बसणारं ताट एवढ्यावर काम भागलं. गडावर तेच फुणके जरा जास्त वेळ घेतात, कारण समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर पाणी शंभर अंशांच्या आतच उकळू लागतं आणि वाफही तेवढीच कमी तापलेली असते.

ही पातेली यायची मुख्यतः नाशिकहून. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं जुनं गाव. 1883 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा खंड निघाला, तेव्हा शहराच्या कारागिरीत तांबट-कासारांचं काम ठळकपणे नोंदलं गेलं. त्यामागे दोन बळं होती. पहिलं तीर्थक्षेत्राचं. गोदावरीवर आलेला यात्रेकरू तोंड बंद केलेला गंगाजळाचा गडू घेतल्याशिवाय परतत नसे, शिवाय पूजेची उपकरणी, समया, ताम्हनं लागायचीच. सिंहस्थात तर मागणी कित्येक पटींनी वाढायची. दुसरं बळ रेल्वेचं. 1865 मध्ये थळ घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई बंदरात उतरलेला तांब्या-पितळेचा पत्रा गाडीने थेट नाशिकपर्यंत येऊ लागला. त्याआधी घाट चढून येणारा माल बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून यायचा. सुरतेकडून देशावर येणारी जुनी वाटही याच वणी-दिंडोरीच्या टापूतून जात असे. 1670 च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखानाने गाठलं ते इथेच. नाशिकच्या जुन्या गावठाणातला भांडी बाजार आजही त्याच नावाने ओळखला जातो.

त्या काळी भांडं घेणं म्हणजे धातू घेणं होतं. दुकानदार तराजूत भांडं टाकायचा, वजनाचे पैसे लावायचा आणि वर घडणावळ घ्यायचा. फुटलं, जुनं झालं, पैशाची नड आली की तेच भांडं मोडीत जायचं; घडणावळ बुडायची, धातूचे पैसे मात्र हातात यायचे. लग्नात मुलीला हंडा, कळशी, परात, सतेलं द्यायचं ते म्हणूनच, कारण ती तिची पुंजी असे. भांड्यावर छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असायचं, कधी कोणी दिलं तेही. अनेक गावांत लग्नकार्यासाठी देवस्थानाची किंवा समाजाची सामाईक भांडी असत. शंभर पानं उठवणारी ती पातेली घराघरांत ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

वजनावर भाव लावण्याच्या या रीतीने एक मोठं काम आपोआप साधलं. भांडं जड म्हणजे पत्रा जाड, आणि पत्रा जाड म्हणजे बूड सगळीकडे सारखं तापणार. तांबं हे उष्णता वाहून नेण्यात स्टीलच्या पंचवीसपट सरस, पितळही सातपट. चुलीचा जाळ एका बाजूला भडकला तरी खीर तळाला लागायची नाही. आजीने भांडं हातात घेऊन वजन पारखलं, तेव्हा ती पैशाबरोबर स्वयंपाकही पारखत होती.

पण या भांड्यांचा जाचही मोठा होता. तो विसरून पितळेचे गोडवे गाणं बरं नव्हे. ताक, चिंच, टोमॅटो पितळेत राहिलं की कळकतं आणि पोटात जाऊन त्रास देतं. म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला गल्लीत खड्डा खणून भट्टी पेटवायचा, भाता हलवायचा, भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पातळ थर सगळीकडे पसरायचा. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे रिकामं भांडं चुलीवर विसरलं तरी कल्हई जायची. रोज राख-चिंचेने घासणं, काही महिन्यांनी पुन्हा कल्हईची वाट पाहणं, हे सगळं बायकांच्याच वाट्याला होतं.

स्वस्त पर्याय आधी ॲल्युमिनिअमचा आला. 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनिअमची भांडी घडवायला सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत ही हलकी भांडी देशभर गेली. महाराष्ट्रात त्यांना ‘जर्मलची भांडी’ म्हणत. गरीब घरांना त्यांनी मोठा आधार दिला. मात्र आंबट त्यांनाही सोसत नव्हतं आणि पत्रा लवकर पोचायचा.

स्टीलचा जन्म तोफ-बंदुकांच्या भोवतीचा. 1912-13 च्या सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातले संशोधक आणि इंग्लंडात शेफील्डचे हॅरी ब्रिअर्ली गंज न चढणाऱ्या पोलादापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचले. ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारा धातू शोधत होते. पोलादात क्रोमिअम पुरेसं मिसळलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. ओरखडा गेला तरी हवेतल्या प्राणवायूने तो पुन्हा तयार होतो. ज्या कामासाठी दर काही महिन्यांनी कल्हईवाला लागे, ते काम धातू स्वतःच करू लागला.

स्वातंत्र्यानंतर हे स्टील आपल्याकडे आधी आयात पत्र्यातून आलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सेलमचा सरकारी कारखाना सुरू झाल्यावर देशी पत्राही वाढला. गावोगाव ते पोचवण्यात बोहारणीचा वाटा कारखान्यांइतकाच मोठा, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. जुन्या साड्या, जरीचे काठ, पँटी-शर्ट घेऊन ती डबा, पातेली, ताट द्यायची. दारात चाललेली ती घासाघीस आणि ‘अजून एक साडी टाका’ची विनवणी मराठी घरांतल्या एका अख्ख्या पिढीला आठवते. पितळी हंडे मोडीत गेले, रुखवतात स्टील आलं, नाव घालणाऱ्याच्या हातात छिन्नीऐवजी विजेचं यंत्र आलं. 1959 पासून देशात बनू लागलेल्या प्रेशर कुकरने वाफेचं कामही बरंच आपल्याकडे घेतलं.

या अदलाबदलीत एक गोष्ट निसटली, ती म्हणजे जाडी. स्टील मजबूत असल्यामुळे पातळ पत्र्याचंही भांडं टिकतं आणि दुकानात चकाकतं. पण ते उष्णता पसरवत नाही. बर्नरच्या कड्यावर तेवढं तापतं, दूध तिथेच लागतं, शेवया तिथेच चिकटतात. बोहारणीकडच्या भांड्याला कुणी तराजूत टाकत नसे.

त्यावरचा उपाय म्हणजे आजची थरांची बुडं. स्टीलच्या दोन पत्र्यांत ॲल्युमिनिअमची जाड चकती दाबून बसवलेली असते. आंबटाला स्टील लागतं, उष्णता ॲल्युमिनिअम पसरवतं. मोठं उकडण-वाफवणाचं भांडं घेताना सगळ्यात आधी पाहायचं ते हेच. भिंती पातळ असल्या तरी चालतं, कारण पाणी आपलं आपण फिरतं. पण तळ जाड हवा.

दुसरं म्हणजे प्रत. 304 प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमिअम आणि 8 टक्के निकेल असतं. 200 मालिकेत महाग निकेलऐवजी मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ आणि आंबटापुढे कमी टिकतं. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे फसवते, कारण दोन्हींना चुंबक जवळपास सारखाच चिकटत नाही. इंडक्शनची शेगडी असेल तर मात्र बुडाला चुंबक चिकटायलाच हवा. जाळीचं आतलं भांडं तळापासून इतकं वर राहावं की खाली तीन-चार बोटं पाणी मावेल आणि उकळी जाळीला शिवणार नाही. कान रिबिटांनी पक्के हवेत. दहा लिटर उकळतं पाणी उचलायचं असतं. मीठ गार पाण्यात टाकू नये, तळाशी बसलेले खडे स्टीललाही बारीक खड्डे पाडतात. उकळी आल्यावर टाकावं.

केंद्र सरकारने 2024 मध्ये स्टील आणि ॲल्युमिनिअमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला आहे. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस 14756 आहे. तेव्हा चिन्ह पाहा, बिलावर प्रत लिहून मागा आणि भांडं हातात घेऊन वजन जरूर पारखा. घरात जुनं पितळी सतेलं माळ्यावर पडलं असेल तर ते मोडीत घालू नका. कल्हईवाला मिळत असेल तोवर कल्हई करून घ्या. दुधाच्या शेवयांना ते आजही उत्तम आहे.