इशीचे धनुष्य आणि पोपचे पुस्तक

धनुष्याविषयी जगभरच्या साहित्यात विपुल लिहिले गेले आहे. धनुष्य घडवण्याविषयी मात्र फार थोडे. ज्यांच्या हातांत ती विद्या होती ते बहुधा लिहीत नव्हते, आणि लिहिणाऱ्यांनी बहुधा लाकूड तासले नव्हते. या दोहोंची गाठ पडल्याचा एक विरळा प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात घडला. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाचे 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' (१९२३) हे पुस्तक आज धनुर्विद्येच्या हौशी मंडळींचे आद्य पुस्तक म्हणून वाचले जाते. आम्हांला ते एका शिष्याचे टिपण म्हणून वाचावेसे वाटते.

गुरू होता इशी. १८४९ नंतरच्या सुवर्णशोधाच्या लाटेत आणि पुढच्या दोन दशकांतील कत्तलींत उत्तर कॅलिफोर्नियातील याही लोक जवळपास नामशेष झाले. उरलेले मूठभर लोक डिअर क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत चाळीसएक वर्षे लपून राहिले. त्यांतला अखेरचा माणूस ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी उपाशी अवस्थेत सापडला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव सांगणे त्याच्या रीतीत बसत नव्हते, म्हणून त्याच्याच भाषेतला 'माणूस' या अर्थाचा शब्द, इशी, हे त्याचे नाव ठरले. खरे नाव त्याने अखेरपर्यंत कोणाला सांगितले नाही.

संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते आणि पोप तेथे १९१२ पासून शिकवत होता. दोघांची मैत्री जमली. इशी त्याला 'कुवी', म्हणजे वैदू, म्हणत असे. रविवारी प्रेक्षकांसमोर बाणांची टोके घडवून दाखवणाऱ्या या माणसापाशी पोप हळूहळू विद्यार्थी होऊन बसू लागला.

या शिकवणीचा तपशील मुळातून पाहण्याजोगा आहे. इशी डोंगरी जुनिपरच्या झाडाची फांदी चिरून तिचा बाहेरचा भाग घेई. सालीलगतचे कोवळे लाकूडही तो तासून टाकत नसे. खरवडून आणि वालुकाश्मावर घासून तो त्याला आकार देई. टोकांना मागे बाक हवा असेल तर तापलेल्या दगडावर लाकूड वाकवायचे, दोऱ्यांनी जखडायचे आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी मुरू द्यायचे. नंतर हरणाच्या स्नायुबंधांचे तंतू चावून मऊ करायचे आणि सामन माशाची कातडी उकळून केलेल्या सरसाने धनुष्याच्या पाठीवर थरांनी बसवायचे. यामागचे कारण साधे आणि अचूक आहे. धनुष्य ओढले की त्याचे पोट दाबले जाते आणि पाठ ताणली जाते. लाकूड बहुधा ताणाच्या बाजूनेच फुटते. ताण सोसणारे तंतू पाठीवर बसवले की आखूड धनुष्यही खोलवर ओढता येते, आणि झुडपांतून सरपटत शिकार करणाऱ्याला आखूड धनुष्यच सोयीचे.

लांबी किती? पोप बेचाळीस इंच लिहितो. पण इशीचे माप वेगळे होते, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. आडव्या पसरलेल्या हाताच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत, असे ते माप. आमच्या मते या पुस्तकातले हे सर्वांत मोलाचे वाक्य. इंचांत लिहिताक्षणी एका माणसाचे धनुष्य 'याही धनुष्य' होते. हाताने मोजले तर प्रत्येकाचे धनुष्य त्याच्यापुरते असते. (संस्कृतातही 'धनु' हे चार हातांचे माप आहेच.) इशीचे असेही म्हणणे होते की, धनुष्य उभे ठेवू नये, उभे ठेवले की ते काम करतच राहते आणि थकते. यातली समजूत कोठे संपते आणि अनुभव कोठे सुरू होतो, हे ठरवण्याची घाई पोप करत नाही.

शिष्याने मात्र गुरूची वाट पुढे सोडली. इशी अंगठ्याने प्रत्यंचा ओढत असे. पोप तीन बोटांनी ओढण्याच्या इंग्रजी रीतीकडे आणि यू वृक्षाच्या लांब धनुष्याकडे वळला. येथे मराठी वाचकाला एकलव्य आठवणारच. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीचा वेग राहिला नाही, असे आदिपर्व सांगते. तेथे वनवासी शिष्य होता आणि गुरूने त्याचा अंगठा मागितला. येथे वनवासीच गुरू होता.

त्याच्याकडूनही घेतले गेलेच. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशी वारला. न्यूयॉर्कला असलेल्या क्रोबरांनी शवविच्छेदन होऊ नये, मित्राचा मान विज्ञानाआधी राखावा, असे कळकळीने लिहिले होते. पत्र उशिरा पोचले. शवविच्छेदन झाले, मेंदू वेगळा काढला गेला, आणि त्याचा अहवाल पोपने 'द मेडिकल हिस्टरी ऑफ इशी' (१९२०) मध्ये छापला. याहून विचित्र असे की, पुढे १९१७ मध्ये तो मेंदू स्मिथसोनियनकडे पाठवला तो खुद्द क्रोबरांनीच. जुनिपरच्या कोवळ्या लाकडाविषयी इतक्या हळुवारपणे लिहिणारा हात आणि त्या अहवालाचा हात एकच आहे, हे पोप वाचताना विसरता येत नाही. दोन्हीकडे नोंदीची असोशी तीच आहे. म्हणून एकीचे कौतुक करून दुसरीकडे डोळेझाक करणे आम्हांला जमत नाही.

क्रोबरांनी इशीवर मोठे पुस्तक कधीच लिहिले नाही. 'इशी इन टू वर्ल्ड्स' (१९६१) लिहिले त्यांच्या पत्नी थिओडोरा यांनी, म्हणजे उर्सुला ल ग्विन यांच्या आईने. आणि त्यांनी इशीला कधी पाहिलेले नव्हते. त्यांच्या हाताशी होती ती पोपसारख्यांची टिपणेच. त्या नोंदींत न आलेलेही काही इशीने घडवलेल्या वस्तूंत होते: १९९६ मध्ये स्टीव्हन शॅकली यांनी दाखवले की, त्याची बाणाग्रे याहींपेक्षा विंटू-नोमलाकी घडणीशी अधिक जुळतात. कदाचित 'शेवटचा याही' मिश्र वंशाचा असावा, किंवा बाणाग्रे घडवायला तरी शेजाऱ्यांकडे शिकला असावा.

दहनापूर्वी मित्रांनी शवपेटीत त्याचे एक धनुष्य, पाच बाण, ओकफळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी, तंबाखू आणि ऑब्सिडियनच्या कपच्या ठेवल्या. मेंदूचा ठावठिकाणा १९९९ मध्ये लागला. ऑगस्ट २००० मध्ये रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींच्या प्रतिनिधींनी तो ताब्यात घेतला, आणि अस्थींसह डिअर क्रीकच्या मुलखात, जागा जाहीर न करता, पुरला.