साखळी, तारदोर आणि १३३ तारा

१/ जर्मनीतील हार्ट्स पर्वतातील क्लाउस्टाल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील खोल खाणींतून खनिज लोखंडी साखळ्यांनी वर ओढले जाई. एक कडी तुटली की सारा भार खाली कोसळे, पूर्वसूचना नसे.

२/ खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ मध्ये साखळ्यांवर पुनःपुन्हा भार देऊन चाचण्या घेतल्या. एकदा सहज पेललेला भारही वारंवार दिल्यास लोखंडाला थकवतो आणि अखेर तोडतो.

३/ १८३४ मध्ये त्यांनी तारदोर वळवला : ४ तारांचा एक पेड, असे ३ पेड. १२ तारांपैकी एक तुटली, तरी उरलेल्या भार धरून ठेवत.

४/ हलक्या विमानात वैमानिकाचा पाय शेपटीच्या सुकाणूशी जोडणारी पोलादी केबल याच कुळातली. नेहमीच्या एका प्रकारात ७ पेड, प्रत्येकी १९ तारा, एकूण १३३. कप्पीवरून वळते तेथे ती प्रथम झिजते.

५/ म्हणून तंत्रज्ञ केबलवरून कापड फिरवतो. तुटकी तार कापडात अडकते. आतल्या तुटक्या तारा दिसाव्यात म्हणून ताण काढून केबल हलकेच वाकवली जाते. कप्पीपाशी एकही तुटकी तार आढळल्यास अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेनुसार संपूर्ण केबल बदलावी लागते. कप्पी अडकत असल्यास तीही बदलतात. अन्यथा नवी केबल तशीच झिजेल.

६/ साखळी इशारा देत नसे. तारदोर देतो, मात्र तो वेळेवर पाहणारा कुणी असावा लागतो.