फुकट मिळालेलं पुस्तक

क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली की हातात काही ना काही कागद येतोच. क्लासची जाहिरात, साड्यांचा सेल, गुडघेदुखीवरचं तेल... आणि अधूनमधून एखादी चिमुकली घडीपत्रिका, जिच्यावर देवाचं नाव असतं. कधी हा देव, कधी तो. आमची नात म्हणते, "आजोबा, आता हे सगळं मोबाईलवर येतं, कागद कशाला वाया घालवतात?" खरंच आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की सुप्रभाताबरोबर दहा धर्मांचे संदेश, "पुढे पाठवा" या सूचनेसकट. पण फुकट वाटून श्रद्धा पोचवायचा हा उद्योग आपल्या मराठीत चांगलाच जुना आहे, आणि त्याने आपल्याला जे दिलं ते वाटणाऱ्यांच्याही मनात नव्हतं. आज त्याविषयी.

सुरुवात खरं तर गोव्यातली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! मात्र नागरी खिळे नव्हते, म्हणून छापली ती रोमन लिपीत. ज्याला मराठी वाचता येई त्याला ती लिपी येत नसे. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक असल्याचं कुणाला माहीत नाही. मजकूर टिकला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. म्हणजे बघा, 'फॉरवर्ड' करणारे तेव्हाही होतेच.

पुढची मोठी हालचाल मुंबईत. १८१३ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल वगैरे मंडळी येऊन पोचली. कंपनी सरकारला ती नकोशी होती. १८१७ साली त्यांनी आपल्या छापखान्यात पहिली मराठी पुस्तिका काढली. आठ पानांची, दीड हजार प्रती. ही विकायची नव्हती, वाटायची होती. बाजारात, देवळाबाहेर, जत्रेत, जिथे माणसं भेटतील तिथे. हॉलसाहेब १८२६ साली नाशिककडून परतताना पटकीने वारले. त्या फेरीतही ते पुस्तकं आणि पटकीवरची औषधं वाटत फिरत होते.

आता गंमत अशी, की लोकांनी ती पुस्तकं घेतली, पण ज्यासाठी दिली त्यासाठी फार थोड्यांनी वाचली. दुसऱ्याच कुणीतरी ती वेगळ्या नजरेने पाहिली. गणपत कृष्णाजी नावाच्या गृहस्थाला मजकुरापेक्षा छपाईच भावली. त्यांनी खटपट करून स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ साली छापील पंचांग बाजारात आणलं. पुढे याच अमेरिकन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरांना सुबक वळण दिलं, आणि तिथेच काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे 'निर्णयसागर' काढलं. माझ्या आजोबांच्या कपाटातल्या संस्कृत पोथ्या निर्णयसागरच्याच होत्या. धर्म बदलावा म्हणून आणलेल्या छापखान्यातली विद्या अशी फिरत फिरत पोथ्यांपर्यंत आली!

जून १८४२ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) 'ज्ञानोदय' सुरू झालं. धर्माबरोबर त्यात भूगोल, विज्ञान, बातम्याही असत. तेव्हा मराठी गद्य नुकतं कुठे पाय टाकत होतं. वाद होत, उत्तरं छापली जात, उत्तरांना प्रत्युत्तरं येत. प्रतिपक्षही मग लिहिता झाला. भांडता भांडता भाषा तयार झाली, असं मी वर्गात सांगायचो.

पण हे सगळं इतकं सुखाचं नव्हतं हो. १८४३ साली नारायण शेषाद्री हा तरुण ब्राह्मण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेला. वडील कोर्टात गेले, मुलगा परत मिळाला. पण मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या पोराला जातीत घेणार कोण? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणून उभे राहिले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच तुटून पडली. मला या प्रकरणात सर्वात जास्त त्या पोराचं वाटतं. सगळे त्याच्याविषयी बोलत होते.

थोरले नारायण शेषाद्री मात्र पुढे आपल्याच भागात आले. जालन्याजवळ त्यांनी 'बेथेल' नावाची वस्ती वसवली, जमीन निजामाच्या राज्यातली. १८७३ साली हे मराठी गृहस्थ न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत भाषण करत होते! आपल्या औरंगाबादेत (आज छत्रपती संभाजीनगर) मूळचे पारशी असलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी काम करत. मी इथे इतकी वर्षं राहतो, काळा चबुतरा आणि १८५७ च्या शिपायांची गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगितली, या दोघांचं नाव मात्र एकाही पाठ्यपुस्तकात आलं नाही. योगायोग पाहा, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही पहिली मराठी कादंबरी मानली जाते, तीसुद्धा १८५७ सालचीच. विधवांच्या दुःखावरची. तीही एका धर्मांतरित माणसाने लिहिलेली.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात 'नवा करार' ठेवला. फुकट. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुस्तकाला टिळकांना पैसा पडला नाही. किंमत पडली लक्ष्मीबाईंना. नवरा असून नसल्यासारखा, पदरात लहान मूल, सोवळ्यातलं माहेर-सासर. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, काही काळ पंढरपूरला. मग त्या नवऱ्याकडे गेल्या, तरी सोवळं सोडलं नव्हतं. विचार करकरून त्यांनी स्वतःचा मार्ग स्वतः ठरवला आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य' या कवितेवर मी तीस वर्षं प्रश्न काढले, पण माणूस म्हणून मला बाई मोठ्या वाटतात. शाळेत न गेलेली ही बाई. 'स्मृतिचित्रे' वाचताना पोट धरून हसायला येतं आणि पुढच्याच पानावर गळा दाटतो; कुणावर राग म्हणून नाही. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचा, हा लेख नंतर.

टिळक १९१२ पासून 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळत होते. त्यांना अभंगांतून, कीर्तनातून, आपल्या मातीतल्या चालीवर ख्रिस्त सांगायचा होता. साहेबी थाट त्यांना मानवत नसे. १९१९ साली ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लिहीत बसल्या लक्ष्मीबाई. ज्या पुस्तकाने संसार मोडला होता, त्यातलीच गोष्ट ओवीओवीने पुरी करत. १९३६ साली त्या वारल्या आणि 'ख्रिस्तायन' छापून आलं ते १९३८ साली.