रविवारचा दिग्दर्शक

मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना आम्हा बँकेतल्या लोकांची नजर आधी एकाच गोष्टीवर जाते: पैसा आला कुठून? सत्यजित राय यांच्या चित्रपटांवर जाणकारांनी ढीगभर लिहिले आहे. छायाप्रकाश, मौन, मानवता वगैरे. मी पडलो बी.कॉम. मला त्यांच्या ‘पथेर पांचाली’चा जमाखर्चच अधिक थरारक वाटतो.

राय १९४३ साली कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चिकटले. पगार महिना ८० रुपये. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच नोकरदार! १९५० साली कंपनीने लंडनला धाडले, तर गृहस्थाने हपीस सांभाळून शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांत ‘बायसिकल थीव्ज’ होता. झाले! परतीच्या बोटीवरच ‘पथेर पांचाली’ची टिपणे सुरू.

निर्मात्यांपैकी कोणी पैसे देईना. शेवटी १९५२च्या ऑक्टोबरात यांनी स्वतःच सुरुवात केली. नोकरी होतीच, म्हणून शूटिंग सुट्टीच्या दिवशी. काशफुलांच्या रानात बहीण-भावाचे अर्धे दृश्य घेतले. पुढच्या रविवारी जाऊन बघतात तो सगळी फुले गुरांनी फस्त केलेली! आपण असतो तर गुरांच्या मालकाशी भांडून घरी आलो असतो. राय पुढच्या मोसमापर्यंत थांबले.

दरम्यान विम्याची पॉलिसी गहाण पडली, ग्रामोफोनच्या रेकॉर्डी विकल्या गेल्या, पत्नी बिजोया यांचे दागिनेही तारण गेले. (हा भाग मी घरी मोठ्याने वाचला. ही काही बोलली नाही. कपाटाच्या किल्लीने मात्र जागा बदलली.)

तरीही पैसा संपे आणि काम महिनोन् महिने बंद पडे. म्हाताऱ्या आत्याचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरातल्या. मानधन रोजचे २० रुपये. त्यांनी तग धरावा, अपूचा आवाज फुटू नये, दुर्गा मोठी दिसू नये, यांपैकी कशालाच तारण नव्हते. पण तिन्ही गोष्टी निभावल्या.

अखेर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘वाटेचे गाणे’; म्हणून रक्कम रस्ते-सुधारणेच्या हेडखाली टाकली, असे सांगतात. वीस वर्षे मी व्हाउचरे पास करतो आहे, पण चुकीच्या हेडला पडलेली इतकी बरोबर एन्ट्री पाहिलेली नाही!

१९५५ साली चित्रपट लागला. १९५६ साली कान महोत्सवात त्याला खास पारितोषिक मिळाले. मग कुठे नोकरी सुटली. पुढे लघुपट-माहितीपट धरून छत्तीस चित्रपट झाले. १९९२ साली भारतरत्न मिळाले आणि ऑस्करही. ते घ्यायला जाण्याची ताकद नव्हती, म्हणून रुग्णालयाच्या खाटेवर स्वीकारले. त्याच एप्रिलमध्ये खाते बंद झाले.

‘नोकरीने आमच्यातला कलावंत मारला’ हे वाक्य आमच्या कँटीनमध्ये रोज ऐकू येते. रायांच्या खात्याशी ते ताडून पाहिले, तर टॅली होत नाही. वर्षाचे बावन्न रविवार सगळ्यांच्याच नावे जमा होतात. तेव्हा आता काहीतरी सुरू करायलाच हवे. येत्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आहेत; त्याच्या पुढच्या रविवारी नक्की.