पोटातल्या चौदा सुया

अमरावतीत लहानपणी गल्लीतलं कुत्रं मागे लागलं की आजी म्हणायची, "पोटात चवदा सुया घ्या लागतीन, बाप्पा!" ती भीती खरी होती.

डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीत ही लस तयार केली. भारतात पुढे मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचे, फिनॉलने मारायचे आणि टोचायचे. स्वस्त होती, म्हणून टिकली. त्याच मेंदूच्या अंशामुळे काहींना लकवा व्हायचा, तरीही. उत्पादन थांबलं डिसेंबर 2004 मध्ये. मी तेव्हा दुसरीत होतो!

मला खटकतं ते वेगळंच. 1885 मध्ये जोसेफ माइस्टरला टोचण्याआधी पाश्चरने लस कुत्र्यांवरच सिद्ध केली होती. जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी 1921 मध्ये कुत्र्यांसाठी एका टोचणीची लस आणली, 1950 मध्ये कायद्याने ती सक्तीची झाली, आणि 1957 पासून तिथल्या प्राण्यांत रेबीज नाही. आपण मात्र चावलेल्या माणसालाच टोचत बसलो.

आमच्या मोत्याला पहिला डोस तिसऱ्या महिन्यात दिला, अकोल्यात. मानेच्या कातडीत एक सुई. तो डॉक्टरांच्या टेबलावर बिस्किट शोधत होता.