हॅलोवीन

हॅलोवीन : सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाची पूर्वसंध्या आणि त्या निमित्ताने ३१ ऑक्टोबरच्या रात्री साजरा होणारा लोकोत्सव. आयर्लंड, स्कॉटलंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत तो विशेष लोकप्रिय असून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून यूरोपच्या इतर भागांत व आशियातील मोठ्या शहरांतही त्याचा प्रसार झाला आहे. भुते, चेटकिणी, सांगाडे इत्यादींची सोंगे घेणे, लाल भोपळा पोखरून त्यात दिवा ठेवणे आणि मुलांनी घरोघर जाऊन खाऊ मागणे, ही त्याची आजची ठळक अंगे होत. ‘हॅलो’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ संत, तर ‘ईव्हन’ किंवा ‘ईन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस होय. नाव असे सर्वस्वी ख्रिस्ती असले, तरी सणाचे मूळ ख्रिस्तपूर्व केल्टिक धर्मात आहे, असे सामान्यतः मानले जाते आणि याच समजाच्या आधारे अनेक ख्रिस्ती पंथीयांनी तो साजरा करण्यास हरकत घेतली आहे. हा समज कितपत साधार आहे आणि सणाला झालेला विरोध नेहमी याच कारणाने होत आला काय, हे दोन प्रश्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

केल्टिक साउइन : प्राचीन आयर्लंडमध्ये वर्षाचे उन्हाळा व हिवाळा असे दोन भाग मानीत. उन्हाळ्याचा आरंभ मे महिन्याच्या पहिल्या दिवशी ‘बेल्टने’ या सणाने, तर हिवाळ्याचा आरंभ नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी ‘साउइन’ या सणाने होई. या विभागणीचा संबंध पशुपालनाशी होता. उन्हाळी कुरणांवरील गुरे या सुमारास वस्तीकडे परत आणली जात आणि हिवाळाभर पोसता येणार नाहीत अशी जनावरे मारून त्यांचे मांस साठवून ठेवण्यात येई. गॉलमधील केल्ट लोक कालगणना दिवसांऐवजी रात्रींनी करतात, अशी नोंद जूलियस सीझरने केली आहे. सण आदल्या सायंकाळी सुरू होण्याची प्रथा या पद्धतीशी जुळणारी आहे. फ्रान्समधील कॉलीन्यी येथे १८९७ मध्ये सापडलेल्या व इ. स. दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या काशाच्या पंचांगात ‘सामोनिओस’ या महिन्याचा व त्यातील तीन रात्रींचा उल्लेख आहे. तथापि तो महिना कोणत्या ऋतूत येत असे, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

साउइनविषयीची मुख्य माहिती मध्ययुगीन आयरिश कथांतून मिळते. अल्स्टरचे योद्धे साउइनचा दिवस व त्याच्या मागचे-पुढचे तीन-तीन दिवस मेळा, खेळ व मेजवान्या यांत घालवीत, असे एका कथेत म्हटले आहे. नेरा नावाच्या वीराच्या कथेत साउइनच्या रात्री फासावर लटकलेले प्रेत बोलू लागते आणि नेरा टेकडीच्या पोटातील अद्‌भुत लोकात जाऊन येतो. दरवर्षी साउइनला ताराचा राजवाडा जाळणाऱ्या मायावी पुरुषाला फिन हा वीर ठार करतो, अशीही कथा आहे. या रात्री मानवी जग व अद्‌भुत लोक यांतील सीमा खुली होते, अशी कल्पना या कथांमागे दिसते.

या साधनांना मात्र मोठी मर्यादा आहे. इ. स. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीचे लिखित साहित्य आयर्लंडमध्ये नाही. उपलब्ध कथा ख्रिस्ती मठवासीयांनी लिहिल्या असून त्यांची सर्वांत जुनी मोठी हस्तलिखिते सु. ११०० च्या सुमाराची आहेत. त्यांत राजसभा, करार, युद्धे व मेजवान्या यांचे वर्णन भरपूर आहे. पूजाविधींचे मात्र फारच थोडे. टेकड्यांतून बाहेर येणारे जीव हे मृतांचे आत्मे नसून एक वेगळी मायावी जात आहे. मृत नातलग त्या रात्री घरी परततात, ही आजच्या हॅलोवीनशी निगडित कल्पना तेथे स्पष्टपणे आढळत नाही. स्थलपुराणांतील एका काव्यात क्रोम क्रूआख या मूर्तीपुढे साउइनला प्रथम संततीचा बळी देत, असे म्हटले आहे. पण ते काव्य वर्णिलेल्या काळानंतर कित्येक शतकांनी रचलेले असल्याने त्यावर विसंबणे कठीण आहे. फलदेवता पोमोना हिचा रोमन उत्सव हॅलोवीनमध्ये मिसळला, ही लोकप्रिय पुस्तकांतील उपपत्तीही निराधार आहे. कारण रोमन पंचांगांत या तारखेला तिचा उत्सव नोंदलेला नाही.

ख्रिस्ती सणाची तारीख : रोममधील पँथीऑन हे देवालय पोप चौथा बॉनिफेस याने सातव्या शतकाच्या प्रारंभी मेरी व सर्व हुतात्मे यांना अर्पण केले, ते १३ मे या दिवशी. पोप तिसरा ग्रेगरी (कार. ७३१–७४१) याने सेंट पीटर चर्चमध्ये सर्व संतांसाठी प्रार्थनास्थान उभारले. सु. ८०० मध्ये इंग्लंडमध्ये व जर्मन प्रदेशांत १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण होत असल्याचे दिसते आणि ८३५ मध्ये पोप चौथा ग्रेगरी व सम्राट लुई द पायस यांच्या काळात फ्रँक साम्राज्यात ही तारीख रूढ झाली. मूर्तिपूजकांची देवळे पाडू नयेत, ती शुद्ध करून ख्रिस्ती उपासनेसाठी वापरावीत, असा सल्ला पोप पहिला ग्रेगरी याने ६०१ मध्ये इंग्लंडमधील धर्मप्रसारकांना दिला होता. साउइनला झाकण्यासाठीच चर्चने १ नोव्हेंबर निवडला, असे अनुमान या सल्ल्यावरून काढण्यात येते. परंतु रॉनल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकाराने द स्टेशन्स ऑफ द सन (१९९६) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, त्याच सुमारास आयरिश चर्च हा सण २० एप्रिलला पाळीत होते. म्हणजे ज्या देशात साउइन साजरा होत होता, तेथे ती तारीख प्रथम ठरली नाही. दोन सण एका दिवशी आले हे खरे. एकाने दुसऱ्याची जागा हेतुतः घेतली, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

मृतांशी असलेला संबंध सर्व मृतात्म्यांच्या दिवसामुळे दृढ झाला. क्लूनी येथील मठाधिपती ओडिलो याने सु. ९९८ मध्ये तो आपल्या मठांत सुरू केला. मृतांचे आत्मे शुद्धिस्थानात यातना भोगतात व जिवंतांच्या प्रार्थनांनी त्या कमी होतात, या श्रद्धेवर तो आधारलेला होता. इंग्लंडमध्ये त्या रात्री चर्चच्या घंटा वाजवीत आणि गरीब लोक घरोघर जाऊन ‘आत्म्यांचे केक’ मागत व मोबदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. मुलांनी दारोदार खाऊ मागण्याच्या आजच्या प्रथेचे हे एक पूर्वरूप असावे. स्कॉटलंड व आयर्लंड येथे सोंगे घेऊन हिंडणे, सलगम पोखरून केलेले दिवे, चुलीत कवचफळे टाकून प्रेमाचे भविष्य पाहणे इ. प्रकार रूढ होते. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८५ मध्ये रचलेल्या ‘हॅलोवीन’ या काव्यात अशा शकुनांचे तपशीलवार वर्णन आहे.

धर्मसुधारणाकाळातील आक्षेप : या सणाला पहिला संघटित धार्मिक विरोध सोळाव्या शतकात झाला, पण तो मूर्तिपूजेच्या अवशेषांना नव्हे, तर रोमन कॅथलिक सिद्धांताला होता. मार्टिन ल्यूथरने पापमोचनपत्रांविरुद्धचे आपले ९५ सिद्धांत १५१७ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच प्रसृत केले. पुढे प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थानाची कल्पनाच नाकारली. त्यामुळे मृतांसाठी प्रार्थना व घंटानाद निरर्थक ठरले. इंग्लंडच्या चर्चने १५६३ च्या धर्मसूत्रांत शुद्धिस्थान व संतांचा धावा या दोहोंना बायबलचा आधार नसल्याचे म्हटले. स्कॉटलंडमधील सुधारकांनी १५६० मध्ये संतांचे सणच अमान्य केले. न्यू इंग्लंडमधील प्यूरिटनांनीही हीच भूमिका घेतली. तरी लोकाचार टिकले. चर्चने विधी काढून घेतल्यावर मागे उरला तो शकुनांचा व भुताखेतांचा भाग. आणि धार्मिक आशय गळालेला हा अवशेषच पुढच्या पिढ्यांना मूळचा ‘पेगन’ वाटू लागला.

केल्टिक मूळाची उपपत्ती : अठराव्या शतकातील पुराणवस्तुसंशोधक चार्ल्स व्हॅलन्सी याने साउइन हे एका मृत्युदेवतेचे नाव असल्याचे सांगितले. आयरिश साहित्यात अशी देवता नाही; तरीही ही चूक लोकप्रिय लेखनात टिकून राहिली. जॉन ऱ्हीस या वेल्श विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साउइन हा केल्टांचा वर्षारंभ असल्याचे प्रतिपादन केले आणि जेम्स फ्रेझर याने द गोल्डन बाउ या ग्रंथाद्वारे साउइन म्हणजे मृतांचा प्राचीन सण, हे मत सर्वत्र पोहोचविले. आधीच्या काळातील विधी समकालीन ग्रामीण चालींवरून उलगडता येतात, हे या विद्वानांचे गृहीत होते. पुढील संशोधकांना ते मान्य राहिले नाही.

अमेरिकेतील रूप : १८४५–४९ च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर मोठ्या संख्येने आलेल्या आयरिश स्थलांतरितांबरोबर हा सण अमेरिकेत रुजला. सलगमाच्या जागी तेथील लाल भोपळा आला. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ अशा अर्थाची ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ही घोषणा विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत कॅनडात आढळते. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे नियंत्रण १९४७ मध्ये उठल्यावर ही प्रथा सर्वत्र पसरली. १९५० पासून मुले खाऊबरोबर युनिसेफसाठी निधीही गोळा करू लागली. याच दशकात, १९५५ मध्ये, रोमन कॅथलिक चर्चने आपल्या उपासनापंचांगातून सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या वगळली, हा योगायोग लक्षणीय आहे.

आधुनिक आक्षेप : १९७० नंतर अमेरिकेतील इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांत या सणाविरुद्ध तीव्र मत तयार झाले. हा ड्रुइडांचा, नरबळीचा व सैतानपूजेचा सण आहे, असे पत्रके व प्रवचने यांतून सांगितले जाऊ लागले. मंत्रतंत्र, शकुन व मृतांशी संपर्क यांस मनाई करणारी बायबलच्या जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील वचने हा त्यांचा मुख्य शास्त्राधार होता. काही चर्चनी त्याऐवजी सुगीचे मेळावे सुरू केले. काहींनी भीतिगृहांचाच उपयोग धर्मप्रचारासाठी केला. व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे जेरी फॉलवेल यांच्या प्रेरणेने १९७२ मध्ये सुरू झालेले ‘स्केअरमेअर’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. यहोवाचे साक्षीदार हा पंथ हॅलोवीन पाळत नाही. परधर्मीयांच्या चाली स्वीकारू नयेत, या लेवीय ग्रंथावर आधारलेल्या नियमानुसार सनातनी ज्यूही त्यापासून दूर राहतात. कॅथलिकांत अनेकांचा भर बंदीपेक्षा मूळ अर्थाच्या पुनरुज्जीवनावर असून मुलांना संतांची वेशभूषा देण्याचा उपक्रम पॅरिस येथे २००२ मध्ये सुरू झाला. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या विक्का पंथाने साउइन हा आपला प्रमुख सण मानला; त्याच्या काही अनुयायांना चेटकिणीच्या विद्रूप सोंगांबद्दल आक्षेप आहे. शाळेतील चेटकिणींची चित्रे म्हणजे विक्का धर्माचा पुरस्कार होय, हा एका पालकाचा दावा फ्लॉरिडातील अपील न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळला.

मूल्यमापन : एकाच सणावर सोळाव्या शतकात तो अतिकॅथलिक असल्याचा व विसाव्या शतकात तो ख्रिस्ती नसल्याचा आरोप झाला. दोन्ही वेळी टीकाकारांचे लक्ष प्रत्यक्ष आचारापेक्षा त्याच्या कल्पित उगमाकडे अधिक होते. वस्तुतः ऋतुबदलाचा आयरिश सण, संतांचे व मृतांचे ख्रिस्ती स्मरण, ब्रिटिश लोकाचार आणि अमेरिकन शहरी करमणूक, असे थर त्यात साचले आहेत. उगमावरून आचाराची ग्राह्यता ठरवावी काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात नवा नाही. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, या वादात मूर्ती ही काहीच नसल्याने मांस दूषित होत नाही. परंतु दुर्बळ बांधवाच्या मनाला ठेच लागत असेल, तर ते टाळावे, असा निर्वाळा पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिला आहे. हॅलोवीनचे समर्थक व विरोधक, दोघेही या पत्राचा आधार घेतात. सणाचे मूळ धार्मिक अंग मात्र या वादाबाहेर शांतपणे चालू आहे : गोवा, वसई व मुंबई येथील कॅथलिक समाज २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो व मृतांसाठी प्रार्थना करतो.