माळीवाड्याहून पाताळात

मंगळवार, 1 जून 1948. सकाळचे आठ वाजत आलेत आणि नगरच्या माळीवाड्यात तुम्ही गर्दीत टाचा उंचावून उभे आहात. समोर लाकडी बॉडीची, वर कापडी छप्पर ताणलेली गाडी. सरकारने सोडलेली पहिली एसटी. स्टिअरिंगवर किसन राऊत, तिकिटांना लक्ष्मण केवटे. पुण्याचे अडीच रुपये. जागा तीसच, तेव्हा सोगा किंवा पदर, जे असेल ते सावरा आणि आधी खिडकी धरा.

चास, कामरगाव, सुपे. रस्त्याकडेची माणसं कौतुकाने हात करतात. पाऊस अजून वेशीबाहेर आहे. धुरळा थेट तोंडावर येतो आणि शिरूर येईपर्यंत शेजाऱ्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. तुमच्याही झाल्यात, पण आरसा कुठाय! लोणीकंद मागे पडतं. पुण्यात गाडीला पोलीस बंदोबस्त मिळतो. खासगी गाडीवाल्यांच्या पोटावर पाय येणार, ते गप्प बसतील याचा काय भरवसा? शिवाजीनगरला, कॉर्पोरेशनजवळ, तुम्ही धड उतरता.

आता इथेच आसपास रेंगाळा, वर्षं मात्र पळू द्या. शिवाजीनगरला एसटीचं मोठं स्टँड होतं. तुमची मुलं इथे कॉलेजसाठी उतरतात, नातवंडं मुलाखतींसाठी. नगरकराचं पुणं सुरू व्हायचं ते इथूनच. मग 2019 संपता संपता मेट्रोच्या कामासाठी स्टँडचा बाडबिस्तरा वाकडेवाडीला हलतो, पत्रे ठोकले जातात. मुळा, मुठा, पवना अशी नावं घेतलेली यंत्रं काळा कातळ पोखरत थेट मुठेच्या पात्राखालून पलीकडे निघतात.

1 ऑगस्ट 2023 ला शिवाजीनगरचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू होतं. गडाच्या धाटणीचं प्रवेशद्वार ओलांडून सरकत्या जिन्याने उतरा. गार हवा. धुळीचा कण नाही. पुढचं जिल्हा न्यायालय तर 33 मीटर खोल! तिथे वर सरकारी धान्यगोदामं होती. आता छतातून सूर्यप्रकाश खाली सोडलाय. काम देखणंच आहे, कोणी नाकारू नये.

पण नगरकराला एक गोष्ट टोचते. स्थानक आलं आणि त्याचा थांबा गेला. वाकडेवाडीला उतरायचं, रिक्षावाल्याशी घासाघीस करायची, मग कुठे हे पाताळ. एसटीला हात केला तर थांबायची तरी. इथे हात करून उपयोग नाही. गाडी तिच्या जागीच थांबते, दारं उघडते, मिटते.

चढलात? कंडक्टर शोधू नका, तिकीट मघाशीच मोबाइलवर आलंय. चौथं स्थानक स्वारगेट. तिथे वर येऊन साताऱ्याची एसटी धरायची असेल, तर आतापासून दाराशी सरका.